काळ्या जमिनीतली परसबाग

(उपकारस्तुतीच्या भक्तीनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेदीपुढे मांडलेली ही भाजी तुम्ही येताना पाहिलीच असेल. दुधी आहेत, मेथी आहे, सांबाराच्या जुड्या आहेत. डाव्या बाजूच्या टोपलीत वालाच्या शेंगा आहेत, थोड्या वाकड्यातिकड्या. ती टोपली आमच्या वस्तीतून आली आहे. काल संध्याकाळी एसटीच्या सीटखाली ठेवून मी ती आणली, आणि कंडक्टरने तिचं तिकीट काढलं नाही, याबद्दलही उपकारस्तुती.

दरवर्षी या दिवशी मी अहवाल वाचते. इतक्या घरांत बी वाटलं, इतक्या बायांच्या सभा घेतल्या, इतका खर्च झाला. या वेळी पाळकसाहेब म्हणाले, अहवाल छापून वाटू, तू नुसतं बोल. म्हणून आज मी तुमच्याशी मातीबद्दल बोलणार आहे. आणि तुमच्या दानाच्या पैशातून मी आणलेल्या एक ब्रास रेतीबद्दल. ती अहवालात "वाफे तयार करण्याचे साहित्य" या एका ओळीत गेली होती. त्या ओळीत खरं म्हणजे बरंच काही दडलेलं आहे.

आमची वस्ती वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मेडशीच्या बाजूला आहे. लोक बहुतेक आंध समाजाचे. आंध म्हणजे नांदेड, हिंगोली, यवतमाळपासून आपल्या अकोला-वाशीमपर्यंत पसरलेली आदिवासी जमात. कुणाकडे दोन एकर, कुणाकडे तेही नाही. सोयाबीन, तूर आणि दुसऱ्याच्या वावरात रोजमजुरी. घरामागे मात्र प्रत्येकाला थोडीफार मोकळी जागा आहे. आमची योजना साधी होती. अकरा घरांच्या मागे परसबाग करायची, म्हणजे आठवड्याच्या बाजारात पैसे न मोजता पोरांच्या ताटात भाजी येईल.

वस्तीच्या वर माळ आहे, तिथली जमीन मुरमाड. पावसाचं पाणी आणि बारीक माती तिथून वाहत खाली येते, आणि घरं आहेत ती खालच्या अंगाला, नाल्याजवळ. तिथे काळी, भारी जमीन. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत जातो. घरांच्या भिंतीही त्याच कारणाने तडकतात. पावसात तीच माती चपलेला धरते, चार पावलांत एकेक पाय शेर-शेर जड होतो. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना मी नवीन काही सांगत नाही. मी मात्र शहरात वाढले. पुण्याला ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली, समाजकार्याचं शिक्षण घेतलं, आणि काळी जमीन म्हणजे सुपीक जमीन एवढंच भूगोलाच्या पुस्तकातून शिकून वस्तीवर गेले.

पहिल्या वर्षी आम्ही काम कधी सुरू केलं? जुलैत. बी-बियाणं यायला उशीर झाला होता, आणि इथल्या महाविद्यालयीन तरुणांना सुट्टीचा एकच शनिवार सोयीचा होता. चार दिवस झड लागलेली. त्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि आम्ही "प्रभूने आभाळ उघडलं" म्हणत कुदळी-फावडी घेऊन उतरलो. बावीस जण होतो. दिवसभर खणलं, तुडवलं, गाणी म्हटली, फोटो काढले. माती खूप चिकट आहे हे बघून मी आदल्या आठवड्यातच एक ब्रास रेती मागवून ठेवली होती. चिकट मातीत रेती मिसळली की ती भुसभुशीत होईल, हे मला इतकं उघड वाटलं की कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी पावसाने उघडीप दिली. ऊन पडलं. वाफ्यांवर अशी खपली धरली की बोटाने उकरेना. आम्ही लावलेली भेंडी अर्धीमुर्धी उगवली होती, ती तिथेच थांबली. पोपईची रोपं पाण्यात बुडाल्यामुळे बुंध्याशी कुजून आडवी झाली. मुंगण्याची गत तीच. ऑगस्टमध्ये कुदळ मारली तर विटेवर मारल्यासारखा आवाज यायचा.

हे सगळं नुकसान म्हणून मी एक वेळ सोसलं असतं. पण एक घर असं होतं, ज्या घरची मामी दरवर्षी पहिल्या पावसानंतर परसात आंबाडी आणि चवळी फेकायची. फेकायची म्हणजे अक्षरशः मुठीने फेकायची. वाफे नाहीत, ओळी नाहीत. तिच्या दोन नातवंडांना पावसाळाभर तेवढी भाजी पुरायची. आम्ही तिची ती जागा "व्यवस्थित" केली. उगवून आलेली आंबाडी उपटली, ओल्या मातीत बावीस माणसं नाचवली, वर रेती ओतली. त्या वर्षी तिच्या घरी परसातली एक पानही भाजी आली नाही. जिथे काही नव्हतं तिथे आम्ही काही उगवू शकलो नाही, हे वेगळं. जिथे होतं, तिथलं आम्ही घालवलं.

तिच्या शेजारी एक आजी राहते. तिने एक दिवस मला अंगणात बसवलं आणि म्हणाली, "ताई, ते रेती कायले आनली वं? मातीत रेती कालवली का भित होते, वाफा नाई होत." मी गप्प. मग म्हणाली, "वल्ल्या वावरात आमी बैल नाई घालत. तुमी मानसं घातली."

मी विचारलं, "आजी, मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी त सांगून रायल्या होत्या."

मंडळी, मी बरेच उपदेश ऐकले आहेत आणि थोडे केलेही आहेत. इतका नेमका कुणी मला केला नव्हता.

त्या हिवाळ्यात मी शिकायला लागले. आपल्याच जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ सालापासून आहे, आणि माझ्या शेजारी ती आजी होती. तिघांपैकी कुणाकडेही मी आधी गेले नव्हते. जे कळलं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरामागे हीच माती आहे. आणि आपल्या मंडळीच्या आवारातही हीच आहे. गुलाब का टिकत नाहीत असं महिला संघ विचारत असतो, त्याचं उत्तरही यातच आहे.

आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला आणि दख्खनचं पठार झालं. तो दगड झिजून ही माती झाली. तिच्यात चिकणमातीचा अंश फार मोठा, पुष्कळदा निम्म्याहून जास्त. चिकणमातीचा कण इतका बारीक की मिलिमीटरच्या दोन हजारांश भागाहूनही लहान. आणि आपल्या मातीतला हा कण पत्त्यांच्या जोडासारखा असतो. पानांच्या मध्ये पाणी शिरलं की जोड फुगतो, पाणी गेलं की आकसतो. म्हणून पावसात जमीन फुगून तिची सगळी छिद्रं बंद होतात आणि उन्हाळ्यात ती फाटते. ही जमीन उपाशी नाही. तिच्यात अन्न भरपूर आहे, पाणी धरण्याची ताकदही आहे. तिला कमी पडते ती हवा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि ओल्या काळ्या मातीवर पाय पडला की कणांमधली हवा निघून जाते, ती लवकर परत येत नाही.

रेतीचं गणितही मांडून बघा. दहा फूट बाय चार फुटांचा वाफा एक फूट खोल धरला तर चाळीस घनफूट माती. एका घरी पाच वाफे, म्हणजे दोनशे घनफूट. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ती मी अकरा घरांत वाटली, म्हणजे घरटी नऊ घनफूट, शेकडा पाचही नाही. मातीचा स्वभाव रेतीने बदलायचा तर निम्म्याच्या आसपास रेती लागते, म्हणजे घरटी एकेक ब्रास. त्यापेक्षा कमी घातली की चिकणमाती रेतीच्या कणांभोवती बसते आणि गिलाव्यासारखी आवळते. आजीने गणित केलं नव्हतं, पण तिने भिंती लिंपल्या होत्या.

अजून दोन गोष्टी लोक हमखास सुचवतात. एक म्हणजे जिप्सम. जिप्सम उपयोगी आहे, पण चोपण जमिनीत, जिथे सोडियम जास्त असतं. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहे, तिथे त्याचं काम आहे. आमच्या मातीत चुनखडी आधीच आहे, तिथे जिप्सम टाकणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. माती तपासल्याशिवाय विकत काही आणायचं नाही हे मी रेतीवरून शिकले. दुसरी गोष्ट तलावातला गाळ. २०१७ सालापासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे, गाळ मिळतो. तो माळावरच्या मुरमाड जमिनीसाठी सोनं आहे. पण गाळ म्हणजेही मुख्यतः चिकणमातीच, ती काळ्या वाफ्यात ओतून काय साधणार? आणि चुलीची राखही ढीगभर टाकू नका. आपली माती मुळातच अल्कधर्मी आहे, राख तिला आणखी तिकडेच ढकलते.

घरी करण्यासारख्या दोन परीक्षा आहेत. ओल्या मातीची गोळी घेऊन अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत पट्टी काढायची. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता निघाली तर जमीन भारी. आमची तर वीतभर निघायला बघत होती. दुसरी निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा. तासाला इंचभर तरी पाणी उतरलं पाहिजे. आमच्या खड्ड्यात संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी कोंबड्या पीत होत्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द. वाफसा. तुमच्यातले शेतकरी हसतील, पण मला हा शब्द चाळिशीत कळला. माती ना ओली, ना कोरडी, अशा मधल्या अवस्थेत येते, तो वाफसा. मूठभर माती घ्या, आवळा, आणि कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून ओली आहे, घरी जा. आवळताच येत नसेल, टणक ढेकूळच असेल, तर उशीर झाला. पडून फुटला, रवाळ झाला, तर वाफसा आला. काळ्या जमिनीत हा काळ थोडा असतो, कधी दोन-तीन दिवसच. तो आपल्या शनिवारी येईलच असं नाही. स्वयंसेवकांची सुट्टी, देणगीदारांची भेट, वर्षअखेरचा खर्च, यातलं काहीही बघून तो येत नाही. संस्थेच्या कामाची सगळी आखणी यामुळे बदलावी लागते. मी ती बदलली. आता वाफसा आला की आजी फोन करते, आणि जे येऊ शकतात ते येतात. बावीस जण येत नाहीत, पाच येतात. पुरतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही फेब्रुवारीत सुरुवात केली. जमिनीत थोडी ओल असते आणि खणता येतं. टिकाव-कुदळीने वीतभर वरची माती सोडवली, खालचा थर सब्बलीने नुसता हलवला, वर आणला नाही. खालची माती वर आणली की चांगली माती गाडली जाते. निघालेली मोठाली ढेकळं फोडत बसलो नाही. तरुणांना हे पटेना, ढेकळं बघून काम अपुरं वाटतं. पण आजीचा हुकूम होता, तापू द्या. मार्च, एप्रिल, मे ती ढेकळं उन्हात तापली. आखाजीनंतर वळवाचा एक पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर ढेकळं आपोआप फुटून माती ज्वारीच्या दाण्यासारखी झालेली. जे आम्ही जुलैत बावीस माणसांकडून करवू बघत होतो, ते उन्हाने आणि एका सरीने मजुरी न घेता केलं.

मग वाफे. वाफा चार फूट रुंद, त्याहून जास्त नाही, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचला पाहिजे. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट. वाटेतली माती उचलून वाफ्यावर टाकायची, म्हणजे वाट खाली जाते आणि वाफा वीतभर वर येतो. पाऊस आला की पाणी वाटेत उतरतं, मुळं हवेत राहतात. हे काही आमचं डोकं नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली, तिथे याच भारी काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली गेली. आज आपल्या जिल्ह्यात पुष्कळ कास्तकार सोयाबीन तशीच पेरतात. आम्ही तीच परसात आणली, ट्रॅक्टरऐवजी फावड्याने. वाटांना उताराकडे हलका ढाळ दिला, आणि सगळं पाणी जिथे जमतं त्या कोपऱ्यात अळू आणि केळ. त्यांना पाय ओले चालतात. मुंगणा आणि पोपई मात्र सगळ्यात उंच कोपऱ्यात, मातीचा ढीग करून त्यावर.

खत कुजलेलंच. ताजं शेण टाकलं तर त्याबरोबर हुमणी येते, तणाचं बी येतं. एका वाफ्यावर दोन इंचांचा थर, म्हणजे पंधरा-सोळा घमेली, आणि ते वरच्या वीतभर मातीत मिसळायचं. हे ऐकायला सोपं आहे. अकरा घरांत मिळून गुरं किती? सहा. तेव्हा पंधरा-सोळा घमेली गुणिले पाच वाफे गुणिले अकरा घरं, हे शेणखत आणायचं कुठून? पहिल्या वर्षी प्रत्येक घरी दोनच वाफे केले, पाच नाही. बाकी जागेत जूनमध्ये बोरू पेरला. दीड महिन्यात तो कंबरेपर्यंत येतो. फुलावर यायच्या आत कापून जागेवरच गाडला की हिरवळीचं खत. आणि सोयाबीनचं कुटार, जे हंगामानंतर धुऱ्यावर जाळलं जातं, ते गोळा केलं. यातही एकदा चुकलो. कच्चं कुटार थेट मातीत कालवलं त्या वाफ्यातली मेथी पिवळी पडली. कुटार कुजताना मातीतला नत्र स्वतःकडे ओढतं. आता ते आधी उकिरड्यावर कुजवतो, किंवा झाडांच्या भोवती वरून अंथरतो. वरून अंथरलं की भेगाही कमी पडतात आणि सरींचे टपोरे थेंब मातीवर खपली धरू देत नाहीत.

वाफ्यावर पाय ठेवायचा नाही. हा आमचा एकच कडक नियम. लहान मुलंही एकमेकांना ओरडतात. शेळ्यांना मात्र नियम समजत नाही, म्हणून बाभळीच्या काट्या.

मला पेरणाऱ्याचा दाखला लहानपणापासून पाठ आहे. रविवारच्या शाळेत चार प्रकारच्या जमिनींचं चित्र रंगवलं होतं. वाटेवरची जमीन मी तपकिरी रंगवली होती आणि चांगली जमीन काळी. पण वाटेवरची माती वेगळी नसते. ती शेजारच्या वावरातलीच माती असते, फक्त तिच्यावरून लोक चालून गेलेले असतात. दाखल्यातलं बी तिथे रुजलं नाही याचं कारण माती नव्हे, पाय. इतकी वर्षं या दाखल्यावर बोलताना मी ऐकणाऱ्यांच्या मनाची परीक्षा करत आले, हे मन खडकाळ, ते काटेरी. आपण किती जणांच्या परसातून ओल्यात चालत गेलो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

लूकच्या शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे. मालक म्हणतो तोडून टाक. माळी एक वर्षाची मुदत मागतो, आणि त्या वर्षात तो काय करणार तेही सांगतो. भोवताली खणणार, खत घालणार. तो प्रार्थना करणार नाही असं मी म्हणत नाही, पण गोष्टीत तरी त्याने कुदळ आणि खताचंच नाव घेतलं आहे.

आपल्या पूर्वीच्या सेवकांना हे कळत होतं. ज्यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला, त्या विल्यम केरींनी १८२० साली शेती आणि बागायतीसाठी संस्था स्थापली, आणि त्यांची स्वतःची बाग नावाजलेली होती. सॅम हिगिनबॉटम अलाहाबादला अर्थशास्त्र शिकवायला आले होते. खेड्यातली गरिबी बघून शेतीकडे वळले, आणि आपल्याला शेती येत नाही हे ओळखून मध्येच अमेरिकेला परत जाऊन ओहायोत शेतीची पदवी घेऊन आले. अलाहाबादची शेतकी संस्था १९१० सालची, तिच्यामागे हे विद्यार्थी होणं आहे. आपल्या महाराष्ट्रात फादर हर्मन बाखर या स्विस जेसुइट धर्मगुरूंनी नगरच्या कोरड्या गावांत पाणलोटाच्या कामाला आयुष्य दिलं. १९९३ साली वॉटर ही संस्था सुरू करणाऱ्यांत ते होते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत गाव आपल्या हातांनी काम करतं, ही त्या कामाची रीत. मी यांच्या पंगतीत बसत नाही. फक्त एवढंच, की मिशनच्या कामात कुदळ ही काही अलीकडची भानगड नाही.

आता एक प्रश्न, जो मागच्या वर्षी इथेच चहाच्या वेळी मला विचारला गेला, प्रेमानेच विचारला गेला. "ताई, इतकी वर्षं तुम्ही जाता, त्या वस्तीतले किती जण प्रभूकडे आले?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देते. एकही नाही. कुणाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. ते आपले सण करतात, आपल्या देवांना नारळ फोडतात, आणि मी भक्तीला जाते हे त्यांना माहीत आहे. त्यांनी विचारलं तर मी माझ्या प्रभूबद्दल सांगते, न विचारता सांगत नाही. भाजी हे आमिष नाही. ते आमिष आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी, बाहेरचे असोत की आपल्यातले, एकदा येऊन सब्बल चालवून बघावी. आमिष इतकं जड नसतं. आणि तुमच्यापैकी कुणाला या कारणाने देणगी थांबवावीशी वाटली तर मी ते समजू शकते. खोटा आकडा मात्र मी देणार नाही. रेतीची ओळ मी एकदा लपवली आहे.

फळ काय मिळालं ते सांगते. अकरा घरांपैकी सात घरी दुसऱ्या वर्षीपासून भाजी आहे. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, आता वाल, मेथी, पालक, सांबार. गाजर लावू नका, भारी मातीत ते फाटे फोडतं. दोन कुटुंबं कामासाठी पुण्याकडे गेली, त्यांच्या वाफ्यांवर गवत आहे. एका घरी म्हशीने एका रात्रीत सगळे वाफे सपाट केले, त्यांनी पुन्हा केले नाहीत, आणि मी आग्रह केला नाही.

अकरावं घर त्या मामीचं. तिच्या परसात रेती अजून आहे. काढता येत नाही. तिच्यावर आम्ही दोन पावसाळे बोरू पेरून गाडला, तूर लावली. तुरीचं मूळ सरळ खाली जातं, आजी म्हणते ते देवाचं सब्बल आहे. दुसऱ्या वर्षी मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. ती चूल फुंकत होती, मान वर न करता म्हणाली, "होते." नंतर चहा दिला. पण कुदळ घेऊन कुणाला परसात येऊ दिलं नाही. बोरू तिने स्वतः फेकला, मुठीने. आम्ही फक्त बी दिलं. यंदा पहिल्यांदा तिथे आंबाडी आली, पूर्वीच्या निम्मी असेल. वेदीपुढच्या टोपलीतला वाल आजीच्या घरचा आहे. मामीला मी काही मागितलं नाही.

मला तुमच्याकडून काय हवं तेही सांगते, कारण भाषणाला बोलावलं की लोक मागण्याची वाट बघतात. जुन्या कपड्यांचं गाठोडं नको, वस्तीत कपडे आहेत. गावरान बी हवं आहे, वाल, चवळी, आंबाडी, दोडका, तुमच्या माहेरी कुणी राखलेलं असेल तर ओंजळभर. बाजारचं संकरित बी पुढच्या वर्षी धरता येत नाही. दोन चांगल्या सब्बली हव्या आहेत. बोरूचं दहा किलो बी हवं आहे. आणि फेब्रुवारीत दोन नव्या घरी खणायचं आहे, त्यासाठी चार-पाच माणसं. तारीख मी आज सांगू शकत नाही. आजीचा फोन आला की मी पाळकसाहेबांना कळवीन, आणि बहुतेक तो कामाचा दिवस असेल, तेव्हा ज्यांना रजा काढता येईल त्यांनीच नाव द्यावं.

येताना जुन्या चपला आणा. परसात शिरताना उजव्या हाताला एक फळी टाकलेली आहे, तिच्यावरूनच चालायचं.